खुंटापासून चारशे तीस पावलं

तांडेल धक्क्यावर उतरला तेव्हा धक्का हलत होता. धक्का बिचारा दगडाचा, तो कशाला हलेल. पण पाच महिने वीस दिवस पाण्यावर काढलेल्या पायांना हे कोण समजावणार? त्याने दोन्ही पाय फाकवले, जमीन जरा थाऱ्यावर येऊ दिली, कमरेच्या पट्ट्यात खोचलेलं पत्र चाचपून बघितलं आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहिला.

जहाजावरच्या खलाशांचा जो म्होरक्या, त्याला तांडेल म्हणतात. हा गेली बावीस वर्षं तांडेल होता, आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी त्याला दुसरं काही नाव असेल असं जहाजावर कुणाच्या मनातही येत नसे. शीड उतरवायचं की राहू द्यायचं हे तो नुसत्या मानेला लागणाऱ्या वाऱ्यावरून सांगे. मात्र हल्ली डोलकाठीवर चढताना त्याचे गुडघे कुरकुरत, आणि ते ऐकू येत नसल्याचं सोंग सगळ्यांनी छान वठवलं होतं. कप्तानाने तेवढं सोंग आज सोडलं होतं.

"तांडेल, तुझं वर चढणं संपलं आता," कप्तान म्हणाला होता. "तुझी मुलगी याच बंदरात असते ना? राहायचं तर राहा. यायचं तर भरतीच्या आधी ये. नेहमीसारखी घंटा देईन. नाही आलास तर तुझी पेटी गोदीच्या कचेरीत ठेवून जाईन."

आता खरं सांगायचं तर तांडेल स्वतःच्या पायांनी या बंदरात कधीच आला नसता. अकरा वर्षं तो इथे येणारी जहाजं टाळत होता. या खेपेला वादळात मधली डोलकाठी मोडली, आणि नवी मिळण्यासारखं जवळचं बंदर नेमकं हेच निघालं. नशिबाने मान धरून आणून सोडलं म्हणायचं. तरी पहिले तीन दिवस त्याने डोलकाठी बसवण्याच्या निमित्ताने जहाजावरच काढले. चौथ्या दिवशी डोलकाठी बसली आणि निमित्त संपलं.

पत्र अकरा वर्षांपूर्वीचं. घड्यांवर झिजलेलं, पण पाठ असल्यामुळे वाचायची गरज नव्हती. मुलीने लिहिलं होतं, आईला मी माझ्याकडे आणलंय, दुखणं वाढलंय, डॉक्टर म्हणतात थोडेच दिवस. तुमचं जहाज इथे लागलं की लगेच या. आणि खाली वाट सांगितली होती: 'धक्क्याच्या पायऱ्या चढून आलात की डाव्या हाताला जहाज बांधायचा लोखंडी खुंट. खुंटाला पाठ लावून नाकासमोर चारशे तीस पावलं. दारापुढे हातपंप, दोन दगडी पायऱ्या. पावलं तुमची धरली आहेत. मला अजून तुमचं पाऊल येतं.'

येणारच. लहानपणी ती त्याच्या मागून ओल्या वाळूत चालायची, त्याच्या पावलाच्या ठशात आपलं पाऊल टाकत, एकेक उडी मारत. वर्षातून दीड महिना बाप घरी. तेवढ्यात तिने बापाचं हे एकच माप नीट घेऊन ठेवलं होतं.

हे पत्र हातात पडलं तेव्हा तो याच बंदरात होता. पायऱ्या चढून वर आला, खुंटाला पाठ लावली आणि निघाला. दोनशे दहा पावलं चालला. तिथे एका रंगाऱ्याचं दुकान होतं, रस्त्यावर आडव्या दोऱ्या बांधून ओली लाल कापडं वाळत घातलेली. त्या कापडांखाली तो उभा राहिला आणि मागून जहाजाची घंटा ऐकू आली. तो वळला आणि परत गेला.

बायको चौथ्या दिवशी गेली. ते त्याला आठ महिन्यांनी, तिसऱ्याच बंदरात कळलं. उत्तरादाखल त्याने एका कागदावर एकच शब्द लिहून पाठवला: 'समजलं.' त्यानंतर मुलीचं पत्र आलं नाही. येईल कसं?

तर आज तो पाण्याच्या कडेला पाठ लावून उभा होता. खुंट कुठे दिसेना. नव्या धक्क्यावर जहाजं बांधायला जाड कड्या होत्या, खुंट नव्हतेच. पायऱ्या होत्या, पण आठवणीतल्यापेक्षा रुंद. काढला असेल खुंट, तांडेल मनाशी म्हणाला, पाणी तर कुठे जात नाही ना? सगळी हयात त्याने असंच मोजलं होतं. किनारे झिजतात, घरं पडतात, गावं उठून जातात, पाणी असतं तिथेच असतं. त्याने पाण्यापासून मोजायला सुरुवात केली.

एक, दोन, तीन. जकातीची लांबलचक शेड, आत गोण्यांच्या थप्प्या आणि एका गोणीवर बसून दुसऱ्या गोणीवर पाय पसरून पेंगणारा पहारेकरी. साठ. दोरखंडवाल्याचं दुकान, दारात मनगटाएवढ्या दोराची वेटोळी, डांबराचा वास. हात आपोआप पुढे झाला, दोराचा पीळ चाचपला, तोंड वाकडं झालं. सैल वळलेला होता. एरवी दुकानदाराला दोन शब्द ऐकवल्याशिवाय तो पुढे सरकला नसता. पण पावलांची मोजणी चुकली असती. एकशे चाळीस. शिडं शिवणाऱ्यांची माडी. उघड्या खिडकीतून जाड कापड खाली लोंबत होतं आणि आतून गप्पांचा नि हसण्याचा आवाज येत होता. दोनशे दहा. रंगाऱ्याचं दुकान इथे हवं. इथे बर्फाची वखार होती.

तरी तो चालत राहिला. चारशे तीस पावलं झाली तेव्हा तो एका लाकडाच्या वखारीच्या भिंतीसमोर उभा होता. ना पंप, ना पायऱ्या. भिंतीला टेकून एक न्हावी बाकावर रिकामा बसला होता.

"काय शोधताय?" न्हाव्याने विचारलं.

"इथे एक घर होतं."

"इथे?" न्हावी हसला. "काका, इथे मासे होते. दहा वर्षांपूर्वी तुम्ही आत्ता उभे आहात तिथे उभे राहिला असतात तर गळ्यापर्यंत पाणी आलं असतं. समुद्र भरून काढला ना. वखारी, शेड, तुमचा धक्का, सगळं भरावावर."

तांडेलाने मागे वळून धक्क्याकडे बघितलं. जमिनीवरच्या कुणालाही विचारलं असतं तर पहिल्या पावलाला कळलं असतं. पण जमिनीवरच्या माणसाला रस्ता विचारावा हे खलाशाला सुचत नाही, आणि पाणी जागा सोडेल हे तर त्याच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

"मग जुना किनारा कुठे?"

"ते कोण लक्षात ठेवतंय? दाढी करायची का? बसा."

दाढी करायला हवी होती. पण बसलो तर उठणार नाही, हे तांडेल स्वतःला पुरतं ओळखून होता. अर्ध्यातून काढता पाय घेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

जुना किनारा त्याने स्वतःच हुडकला. जहाजावरचं शहाणपण जमिनीवर एवढ्यासाठी तरी कामाला आलं. वखारींच्या मागे एक रस्ता सरळ न जाता वळणावळणाने गेला होता. सरळ जागा पडलेली असताना रस्ता कुणी उगाच वाकडा करत नाही. पूर्वी पाणी तसं वळत असणार. त्या रस्त्याच्या एकाच अंगाची घरं जुनी होती. त्यांच्या तळाचे दगड कमरेपर्यंत खाऱ्या पाण्याने खाल्लेले. एका घराच्या माडीला माल वर ओढायचं चाक अजून होतं, आणि त्याच्या खाली होडी यायची तिथे आता भाजीवाली बसली होती. तांडेल त्या दगडांवरून हात फिरवत चालला. सगळा किनारा जागेवर होता, फक्त पाणी काढून घेतलेलं.

आणि खुंट होता. भर रस्त्यात, कडेपासून हातभर आत. गुडघ्याच्या वर येणारा, काळा, दोरखंडांनी घासून घासून मानेशी चऱ्या पडलेला. एका किल्लीवाल्याने आपली हत्यारांची पेटी त्याला साखळीने बांधली होती आणि शेजारीच स्टुलावर बसून तो किल्ली घासत होता.

तांडेलाने खुंटाच्या चरीत अंगठा घातला. हाच तो.

"बसा की," किल्लीवाला म्हणाला. "खुंट काही कुणाच्या मालकीचा नाही."

"हा रस्त्यात कसा आला?"

"हा नाही आला. रस्ता ह्याच्याभोवती आला. समुद्र भरला तेव्हा जुनं सगळं उपटलं. पायऱ्या गाडल्या, असे अकरा खुंट होते ते वितळवायला नेले. हा तेवढा एका बाईने नेऊ दिला नाही."

"बाईने?"

"त्या वरच्या अंगाला राहते, जहाजांची निशाणं शिवते. मजूर पहारी घेऊन आले, तर ही आपली खुंटावर बसलेली, मांडीवर शिवण घेऊन. उठेचना. एक दिवस नाही, चार दिवस. बंदराचे साहेब आले, त्यांनी समजावलं, दम दिला. ही ढिम्म. शेवटी साहेबच कंटाळले. म्हणाले, राहू द्या एक खुंट, त्याने काय बंदर बुडत नाही."

तांडेल खुंटावर बसला. पाय दुखत होते म्हणून नव्हे. "पण कशासाठी?"

"मी विचारलं ना. म्हणाली, एका माणसाला इथून वाट सांगितली आहे, तो आला तर कुठून मोजेल? आता बोला!" किल्लीवाल्याने किल्ली फुंकली. "सात वर्षं झाली. आधी आम्ही चेष्टेत विचारायचो, काय बाई, आला का तुमचा माणूस? ती पण हसायची. मग हसेनाशी झाली, तसं आम्ही विचारणं सोडलं."

तांडेलाला वाटलं, आत्ताच्या आत्ता इथून उठावं आणि तडक जहाजावर जावं. वादळात त्याने माणसं वाचवली होती, स्वतः दोनदा बुडता बुडता वाचला होता. पण कुणी आपली इतकी वाट बघितली आहे हे ऐकून वाटली तेवढी भीती त्याला कधी वाटली नव्हती. कुणी शिव्या घातल्या असत्या तर त्याने खाली मान घालून ऐकून घेतल्या असत्या. या खुंटाचं काय करायचं?

तो उठला. खुंटाला पाठ लावली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

हा रस्ता त्याच्या ओळखीचा होता, अर्धा तरी. पत्र्याच्या पेट्या ठोकणारा होता तिथेच होता. त्याचे केस पांढरे झाले होते, ठोका तोच होता. कोपऱ्यावरच्या घराची खिडकी तेव्हा हिरवी होती, ती आता राखाडी होती. दोनशे आठ, दोनशे नऊ, दोनशे दहा. रंगाऱ्याचं दुकान अजून पुढे दिसत होतं. चांगली चाळीसेक पावलं पुढे. आता दुकानही सरकलं की काय? या गावात काही म्हणून जागेवर राहत नाही, असं पुटपुटत तो चालत राहिला, आणि दोनशे सत्तेचाळिसाव्या पावलाला त्या दोऱ्यांखाली पोचला. आज कापडं पिवळी होती. पाण्याचा एक थेंब त्याच्या मानेवर पडला. तेव्हाही पडला होता.

तो तिथे थांबला नाही असं सांगायला मला आवडलं असतं. थांबला. पुष्कळ वेळ थांबला. रंगाऱ्याने आतून डोकावून बघितलं, गिऱ्हाईक नाही असं ठरवलं आणि पुन्हा आत गेला. मग तांडेलाने कापड हाताने बाजूला केलं आणि पलीकडे पाऊल टाकलं. यापुढचा रस्ता त्याने कधी पाहिलेला नव्हता.

चारशे तीस झाली तेव्हा तो एका आरसे बसवणाऱ्याच्या दुकानापुढे होता. पंप नाही. पायऱ्या नाहीत. आणि नेमकी त्याच वेळी मागे बंदरात घंटा वाजली.

ती घंटा त्याने हजारदा स्वतः वाजवली होती. आता निघालं तर जहाज गाठता येत होतं. घर सापडलं नाही, म्हणता आलं असतं. मी मोजून गेलो होतो, पत्रातच चूक होती, म्हणता आलं असतं. कारणांची त्याला कधीच वाण नव्हती. समोरच्या उभ्या आरशात त्याला एक म्हातारा दिसला, पाय फाकवून, गुडघे जरा वाकवून उभा राहिलेला. तांडेलाने त्या म्हाताऱ्याच्या पायांकडे बघितलं. मग त्याने एक पाऊल टाकून पाहिलं, आरशातल्यानेही टाकलं, आणि किती आखूड होतं ते! मुलीने मोजलं ते बावन्न वर्षांच्या धडधाकट बापाचं पाऊल. हा कोण भलताच माणूस तिच्या पावलांवर हक्क सांगत आला होता.

घंटा वाजत राहिली आणि तो पुढे चालत राहिला, मोजत. पाचशेच्या पुढे रस्ता जरा चढला. तिथे हातपंप होता. दोन दगडी पायऱ्या होत्या, आणि वरच्या पायरीवर एक बाई मांडीवर निळं-पांढरं निशाण घेऊन कडेला टीप घालत बसली होती. कपाळाला सुरकुती, सुई धरायची ढब आईची.

तिने मान वर केली. सुई होती तिथेच थांबली. तांडेल पंपाच्या दांड्याला धरून उभा राहिला.

"किती झाली?" मुलीने विचारलं.

"पाचशे सहा."

"मी चारशे तीस लिहिली होती. तीनदा मोजून."

"तुझं बरोबर आहे, पोरी. माझं पाऊल आखूड झालंय."

तिने त्याच्या पायांकडे बघितलं. मग पुन्हा सुई कापडात घातली. "त्या दिवशी दोनशे दहालाच थांबलात."

हे त्याने कुणाला, अगदी कुणाला सांगितलं नव्हतं. "तुला कसं..."

"वरच्या खिडकीतून रंगाऱ्याचं दुकान दिसतं. तुमचे पाय दिसले मला, लाल कापडांखाली. तेवढ्यावरून ओळखलं. आईला सांगितलं, बाबा आले. तर ती म्हणाली, आधी माझी वेणी घाल. दुखण्यात केसांचा पार गुंता झालेला. मी घालत होते. अर्धी झाली, वर बघते तर तुमची पाठ."

अकरा वर्षं त्याने या घडीसाठी एक वाक्य राखून ठेवलं होतं: घंटा झाली होती. मागे ती अजूनही वाजत होती, जणू त्याची साक्ष द्यायलाच.

"घंटा झाली होती," तांडेल म्हणाला. आणि थांबून म्हणाला, "पण वेळ होता. भरपूर वेळ होता. येऊन, बसून, परत जाण्याइतका. मी घाबरलो. तिला तशी बघायला घाबरलो."

मुलीने दोरा दातांनी तोडला.

"तिला काय सांगितलंस?"

"खरं तेच. खोटं बोलायचं सुचलंच नाही मला. म्हटलं, परत गेले. ती म्हणाली, वेणी पुरी कर. अर्धी वाट आलाय, उरलेली पण येईल कधीतरी. तू हे घर तेवढं सोडू नकोस." ती निशाणाची घडी घालू लागली. घडी वाकडी पडत होती. "चार दिवस तिने ती वेणी सोडू दिली नाही. तशीच गेली. तुमच्या जावयाला दुसरीकडे मोठी जागा मिळत होती, तरी आम्ही गेलो नाही. मग ते मेले खुंट उपटायला आले."

"मला सांगितलं किल्लीवाल्याने."

"तो काय, सगळ्यांना सांगतो." तिने पदराने नाक पुसलं. "आईने तुम्हाला माफ केलं. मला तसं सांगून गेली. मी केलेलं नाही, बाबा."

"नको करूस."

"ते तुम्ही मला सांगायचं नाही."

"बरं," तांडेल म्हणाला. खलाशांच्या म्होरक्याला हा शब्द म्हणायची सवय नव्हती. पण त्याने तो नीट म्हटला.

ती उठली. निशाण काखेत मारलं, दार ढकललं आणि आतल्या अंधाऱ्या जिन्याकडे बोट केलं. "वर अठरा पायऱ्या आहेत. त्या पत्रात लिहायच्या राहिल्या. आई वरच्या खोलीत होती."

ती पुढे निघाली. हात दिला नाही, त्यानेही मागितला नाही. कठड्याला धरून तो एकेक पायरी मोजत चढू लागला. जमीन हलायची कधीच थांबली होती, हे मात्र त्याला जिन्यातच कळलं. नवव्या पायरीवर त्याला दम लागला आणि तो उभा राहिला. वर तिची पावलंही थांबली. ती मागे वळून बघत नव्हती, आणि पुढेही जात नव्हती.

बंदरातली घंटा बंद झाली होती. तांडेलाने दहावी पायरी मोजली.